मूळस्वामींचं आसन आणि नानांची न्हाणी

आता जे सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसवूही नका. ज्यांच्याकडून मी हे ऐकलं त्यांच्यावर माझा स्वतःचा काडीचा विश्वास नाही, आणि तरीही गोष्ट अक्षर न अक्षर खरी आहे. एका निवृत्त गृहस्थाची न्हाणी, साधी, चार भिंतींची, एक झरोका आणि आतून एक कडी एवढीच हौस असलेली न्हाणी, एका साधुपुरुषाने अडवली. साधुपुरुष मोठे विद्वान, परम वैष्णव, मुंगीलाही वाट देणारे. शिवाय वारून तीनशे वर्षं झालेले. जिवंत माणसाने न्हाणी अडवली तर त्याच्याशी भांडता येतं, फार तर बोलणं टाकता येतं. तीनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाशी बोलणं टाकून काय उपयोग? त्याने ते आधीच टाकलेलं असतं.

गृहस्थांना सगळे नाना म्हणत. छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून त्यांचा जन्म गेला. म्हणजे लोकांनी लिहिलेलं छापायच्या आधी वाचायचं, त्यातल्या चुका काढायच्या आणि समासात शंका विचारायच्या. 'कोण?' 'कुठे?' 'कशाने?' एका कादंबरीत नायकाने व्याकूळ होऊन नायिकेचा हात धरला, तेव्हा नानांनी समासात 'कोणता?' असं लिहिलं होतं. तो लेखक पुढे कितीतरी दिवस छापखान्याच्या रस्त्याने गेला नाही. नानांनी पुस्तकं वाचली ढीगभर, पण स्वतःचं म्हणून एक वाक्य उभ्या आयुष्यात छापलं गेलं नाही. ते दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही; फक्त दुसऱ्याच्या पुस्तकातली चूक सापडली की त्यांचा चेहरा इतका खुलायचा, की बघणाऱ्याला वाटावं घरात पाळणा हलला.

नानांचं घर एका अंगाने देवळाच्या मागच्या भिंतीला खेटून होतं. मधली भिंत एकच. इकडे नाना, तिकडे विष्णू. घराच्या मागे अंगण, अंगणात उतरायला उंच उंच पायऱ्या, आणि अंगणाच्या पार टोकाला न्हाणी. तरुणपणी या पायऱ्या काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, पाण्याची बादली घेऊन धावत उतरायच्या. आता त्यांचे गुडघे प्रत्येक पायरीचा वेगळा उद्धार करत. त्यात एकदा ओल्या पायरीवरून त्या घसरल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं, "या वेळी निभावलं. पुन्हा पडलात तर हाड मोडेल."

त्या संध्याकाळी काकू नानांना म्हणाल्या, "अहो, मी तुमच्याकडे कधी दागिना मागितला?"

"नाही."

"कुठे फिरायला न्या म्हटलं?"

"नाही बुवा."

"मग आता एकच मागते. एकदा तरी पायरी न उतरता, घरातल्या घरात, कडी लावून, निवांत अंघोळ करायचीय मला. मी जायच्या आधी जमेल ना?"

यावर नानांनी दुसऱ्याच दिवशी गवंड्याला बोलावलं. जागा ठरली. स्वयंपाकघराला लागून, जोतं घराच्या उंचीला आणून, देवळाच्या भिंतीला टेकून, पेरूच्या झाडाजवळ जिथे धुण्याचा काळा दगड होता तिथे. गवंडी म्हणाला, "काम किरकोळ आहे. फक्त भिंत देवळाची, तेवढी त्यांची हरकत नाही असं लिहून आणा."

देवळाचे अध्यक्ष म्हणजे बाजारातले फरशीवाले. फरश्या, तोट्या, बेसिन, सगळं त्यांच्या दुकानात. त्यांच्या बोलण्याला फरशीची चकाकी होती, आणि त्यावरून पाय घसरायचा धोकाही तितकाच.

"नाना, तुमचं काम ते देवळाचं काम! पत्र आजच देतो. फरशीही आपल्याकडूनच जाईल, ते वेगळं सांगायला नको. फक्त एक करा. मूळस्वामींची माहिती लिहून द्या. दारात मोठा फलक लावायचाय."

मूळस्वामी म्हणजे देवळाचे संस्थापक. मोठे वैष्णव आचार्य. त्यांचं खरं नाव इतकं पवित्र, की ते कोणी उच्चारत नसे, आणि त्यामुळे ते आता कोणाला ठाऊकही नव्हतं.

"माहिती कसली हवी?" नानांनी विचारलं.

"दंतकथा, नाना, दंतकथा! पुलापलीकडच्या देवळातला खांब दर वर्षी गव्हाएवढा वाढतो. लोक फूटपट्ट्या घेऊन येतात हो बघायला. आणि आपल्याकडे काय? आपल्याकडे विद्वत्ता! विद्वत्ता बघायला कोण येतं?"

नाना पुजारीबुवांकडे गेले. बुवा गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी वाती वळत बसले होते.

"बुवा, मूळस्वामींचा एखादा चमत्कार सांगा."

"स्वामी लिहीत असत."

"ते झालंच. पण काही घडलं असेल की?"

"भाष्य लिहिलं. मग भाष्यावर टीका लिहिली. मग टीकेवर टिप्पणी लिहिली."

"स्वप्नात देव आला? साप? बुडणारी होडी?"

बुवांनी वात बाजूला ठेवून खूप आठवलं. "एकदा ताडपत्राचं एक पान हरवलं होतं."

"मग?" नानांनी पेन्सिल सरसावली.

"सापडलं."

"कुठे?"

"दुसऱ्या पानाखाली."

नाना घरी आले आणि पुस्तकांच्या टेबलाशी बसले. कोरा कागद समोर होता. तो आजवर त्यांच्यासमोर नेहमी दुसऱ्या कोणीतरी भरून मग आलेला असायचा. आता तो आपणच भरायचा, वर तो छापणार, आणि लोक उभे राहून वाचणार, या विचाराने त्यांच्या अंगात जे संचारलं ते स्वामींच्याही अंगात भाष्य लिहिताना संचारलं नसेल.

त्यांनी लिहिलेली दंतकथा अशी. मूळस्वामींचं भाष्य पुरं झालं, आणि थकून त्यांचा डोळा लागला. इकडे वैकुंठात भगवंतांचं चित्त लागेना. आपल्यावर एवढं लिहिलंय, त्यात कुठे काही राहून तर गेलं नसेल? तेव्हा साक्षात विष्णू साध्या माणसाच्या वेशात, कानावर लेखणी खोचून खाली आले. एका दगडावर बसून त्यांनी अथपासून इतिपर्यंत सगळी ताडपत्रं वाचली. एकच चूक सापडली. ती त्यांनी दुरुस्त केली, समासात लहानशी खूण केली आणि कोणाला न सांगता निघून गेले. स्वामी जागे झाले, खूण पाहिली, आणि त्यांचे डोळे भरून आले.

काकूंनी कागद वाचला आणि चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. "देवालाही तुमचीच नोकरी लावलीत?"

"अगं, भाव बघ ना त्यातला!"

"बघितला. कानावर लेखणीसुद्धा तुमच्यासारखीच खोचलीय. आता तुमची सर्दीही होऊ द्या त्याला."

इथवर सगळं ठीक होतं. पण नाना हाडाचे मुद्रितशोधक. कागद अध्यक्षांना द्यायच्या आधी त्यांनी सवयीने एकदा तपासला. 'एका दगडावर' या शब्दांशी त्यांची पेन्सिल अडली, आणि समासात त्यांच्याच हाताने प्रश्न उमटला: 'कोणत्या?' दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर नानांनी दुर्लक्ष केलं असतं. पण प्रश्न अचूक होता. उत्तर देणं भाग होतं. त्यांना जवळून परिचित असलेला दगड जगात एकच होता. त्यांनी दुरुस्ती केली: 'देवळाच्या मागील भिंतीला लागून, पेरूच्या झाडाखाली असलेल्या, उजव्या कडेला खाच पडलेल्या काळ्या दगडावर.' मग पेन्सिल पुन्हा अडली. 'खाच कशाची?' खाच खरं तर मेहुण्याने सायकल आपटल्याची होती. पण सायकल दंतकथेत शोभेना. म्हणून 'भगवंतांनी लेखणी टेकवल्याची खाच आजही दिसते' असं वाक्य झालं. वाक्य निर्दोष होतं. नाना समाधानाने झोपले.

फलक लागला. अध्यक्षांनी तो चकचकीत फरशीवर कोरून घेतला. गवंड्याने अंगणात पाया खणायला सुरुवात केली, दुकानातून कमोड येऊन पडला, आणि काकूंनी नव्या न्हाणीत ठेवायला पंचाही वेगळा काढून ठेवला.

तेव्हाच अंगणाच्या गल्लीकडच्या दाराची कडी वाजली.

एक बाई हात जोडून उभ्या होत्या. "दगड इथेच का हो?"

काकू त्या क्षणी त्या दगडावर नानांचा लेंगा आपटत होत्या. बाईंचा चेहरा पांढरा पडला. "अहो, देवाच्या आसनावर लेंगा?"

"धुतलेला आहे," काकू म्हणाल्या.

त्यानंतर लोक येतच राहिले. आधी भाविक आले. मग परीक्षेला बसलेली पोरं आली. मग, आणि हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं, ज्यांच्या ज्यांच्या कामात चुका होत ते सगळे येऊ लागले. देवाने इथे चूक दुरुस्त केली ना? मग आमचीही करील. टंकलेखिका आल्या. नकाशे काढणारे आले. एका लग्नघरचे लोक पत्रिकेचा मसुदा दगडाला लावून गेले, आणि वराचं नाव चुकीचं छापलं गेलं तेव्हा देवाला हेच स्थळ पसंत नसावं असं ठरवून मोकळे झाले. एक केशकर्तनकार आपल्या गिऱ्हाइकालाच घेऊन आला; त्याचा डावा कल्ला वर गेला होता. नानांनी त्याला समजावलं, की भगवंतांनी फक्त अक्षरांची चूक काढली होती. तर तो म्हणाला, "काका, देवाचा हात असा आखडता नसतो."

काकूंचं धुणं दगडावरून हललं आणि स्वयंपाकघरातल्या बादलीत आलं. अंघोळीला मात्र अंगण ओलांडूनच जावं लागे. आणि आता तेही रांगेतून वाट काढत, साबणाची डबी पदराखाली लपवून. एकदा रांगेतला एकजण त्यांना म्हणाला, "आजी, नंबराने!"

वरच्या मजल्यावर एक वकील राहत. ते खाली येऊन पायऱ्यांवर बसले आणि सल्ला दिला. "नाना, ही वहिवाट होतेय. उद्या म्हणतील, रस्ता आमचाच. आजच्या आज पाटी लावा: ही जागा खासगी आहे."

नानांनी पाटी लावली. जागा देवाची खासगी आहे हे कळल्यावर लोक चपला गल्लीतच काढून, दबक्या आवाजात आत येऊ लागले. आधी निदान मोठ्याने बोलत, त्यामुळे कोण आलंय ते कळायचं. आता काकू दार उघडत आणि समोर कोणीतरी आधीच डोळे मिटून उभं असे.

वकील पुन्हा खाली आले. "पाटीचा मजकूर जरा मोघम झाला," ते म्हणाले. मजकूर त्यांनीच सांगितलेला होता, पण नानांनी तो अपमान गिळला. अशा कितीतरी गोष्टी त्यांनी त्या काळात गिळल्या.

आणि मग पुरातन वास्तूंच्या खात्याच्या निरीक्षकबाई आल्या. बाई वागायला इतक्या सभ्य, की त्यांच्यावर चिडताही येऊ नये. त्यांनी दगड मोजला, खाच मोजली, पेरूचं झाड बघून 'हे नंतरचं असावं' असं पुटपुटल्या आणि गवंड्याच्या खड्ड्याभोवती दोरी बांधली.

"दगड पुरातन आहे की नाही याचा निकाल लागेपर्यंत इथे फावडं लावायचं नाही."

"अहो बाई, पण आमची न्हाणी!" नाना कळवळले.

"छान आहे कल्पना," बाई म्हणाल्या. "पण दुसरीकडे."

दुसरीकडे जागा असती तर नानांनी देवळाची परवानगी मागितली असती कशाला? पण असे प्रश्न सरकारी दोरीला विचारता येत नाहीत. गवंडी रोज यायचा, खड्ड्यात डोकावून उसासा टाकायचा, चहा प्यायचा आणि जायचा. कमोड बैठकीच्या खोलीत आला. काकूंनी त्यावर भरतकामाचा रुमाल टाकला आणि वर टेलिफोन ठेवला. येणारा प्रत्येकजण विचारायचा, "नवीन घेतलंत वाटतं? काय आहे?" आणि काकू म्हणायच्या, "आमच्या यांचं साहित्य."

शेवटी नानांनी ठरवलं, की खरं काय ते सांगून टाकायचं. हा निर्णय त्यांना फार थोर वाटला. इस्त्रीचा सदरा घालून ते आधी अध्यक्षांच्या दुकानात गेले.

"अध्यक्ष, ती दंतकथा मी रचली."

अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नाना, तुम्ही कुठे रचलीत? तुमच्याकडून लिहवून घेतली."

"कोणी?"

अध्यक्षांनी बोटाने वर दाखवलं. वर दुकानातलं झुंबर होतं, पण त्यांचा रोख त्याच्याही वर असावा.

नाना पुजारीबुवांकडे गेले. "बुवा, तुम्ही तरी सांगा. चमत्कार काही नव्हता, फक्त एक पान हरवलं होतं."

"तसं मला तेव्हा वाटलं खरं," बुवा म्हणाले. "पण फलक वाचला आणि सगळं आठवलं. माझे आजोबा ही गोष्ट सांगायचे."

"अहो, ती मी गेल्या महिन्यात लिहिलीय!"

"आजोबा फार रंगवून सांगायचे," बुवा डोळे मिटून म्हणाले.

शेवटी नाना निरीक्षकबाईंच्या कचेरीत गेले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे ही दंतकथा खोटी आहे, असं तुमचं म्हणणं?"

"साफ खोटी."

"नाना, दंतकथा खरी की खोटी हे आमचं खातं बघत नाही. जुनी की नवी, एवढंच बघतं. जुनी असली तर दगड आमच्या रक्षणाखाली. नवी असली तर तुमचा दगड, तुम्ही बघा."

"मग नवीच आहे! मीच लेखक आहे!"

बाईंनी फाईल उलटली. "इथे तिघांच्या साक्षी आहेत. पुजारी, निवृत्त कंपाउंडर आणि घड्याळजी. तिघांनीही ही गोष्ट लहानपणी आपापल्या आजोबांकडून ऐकलीय. तीन आजोबा एका बाजूला, आणि तुम्ही एकटे एका बाजूला."

"आणि ती खाच? ती माझ्या मेहुण्याने सायकल आपटल्याची आहे!"

"सायकल आहे?"

"विकली."

बाईंनी फाईल मिटली. "त्या तिघांपैकी एकाची जरी साक्ष खोटी निघाली, तर मी जागच्या जागी प्रकरण बंद करते. पण तुमच्या एकट्याच्या शब्दावर आजोबांना खोटं कसं पाडू?"

कचेरीच्या जिन्यावर नाना बराच वेळ कठडा धरून उभे राहिले. न्हाणी अडली हे दुःख होतंच. पण खरा घाव वेगळाच होता. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या नावावरचं वाचलं. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, स्वतःचं काही लिहिलं, ते लोकांच्या तोंडी झालं, आणि लेखक म्हणून मान्यता कोणाला? कंपाउंडरच्या आजोबांना!

घरी आले तर दारात काकूंची बॅग भरलेली.

"मी लेकीकडे चाललेय. तिच्याकडे न्हाणी आतमध्ये आहे. शुक्रवारी संध्याकाळी येणार आहे ती न्यायला."

"आणि परत कधी येशील?"

"इथली न्हाणी आत आली की मीही आत येईन."

नाना हादरले. त्यांना स्वयंपाकघरात पाण्याचा तांब्या तेवढा सापडत असे, तोही भरलेला असला तर. पण खरं सांगायचं तर प्रश्न जेवणाचा नव्हता. रात्री दिवा मालवल्यावर दिवसभरातल्या चुका ऐकवायला माणूस लागतं, आणि नानांना ते एकच माणूस होतं. शिवाय आदल्या रात्री काकू पायरीवर गुडघा धरून बसलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. काकूंनी वर बघून "जरा वारा खातेय" असं सांगितलं होतं, आणि आजवर काकूंचं एकही वाक्य नानांना दुरुस्त करावंसं वाटलं नव्हतं. ते एक सोडून.

शुक्रवारीच दुपारी निरीक्षकबाई शेवटची पाहणी करायला आल्या. अंगण भरून गेलं होतं. अध्यक्ष होते, वकील जिन्यात होते, तिघे साक्षीदार खुर्च्या टाकून बसले होते, गवंडी खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता. काकू स्वयंपाकघराच्या दारात, आपल्या बॅगेवर बसल्या होत्या. बाईंनी लिहायला पेन उघडलं, आणि नाना उभे राहिले. खरं बोलून काही झालं नव्हतं. आता ज्या वाटेने आत गेलो त्याच वाटेने बाहेर पडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"बाई, दंतकथेचा उत्तरार्ध फलकावर मावला नव्हता. तो सांगतो."

"सांगा," बाई म्हणाल्या.

"स्वामी जागे झाले आणि त्यांनी भगवंतांचे पाय धरले. भगवंत म्हणाले, वर माग. आता स्वामी पडले विद्वान. दुसरा कोणीही पटकन काहीतरी मागून मोकळा झाला असता. स्वामींनी आधी शंका विचारली, की वर एकच की अनेक? भगवंत म्हणाले, एकच, आणि लवकर. तेव्हा स्वामी म्हणाले, देवा, मोक्षाचं सावकाश बघू. बसून बसून भाष्य लिहिलं, गुडघे कामातून गेले. स्नानाला उतरायचं तर पायऱ्या उतरवत नाहीत. स्नानावाचून लेखणी धरता येत नाही. काही सोय कर."

काकूंनी मान वर केली.

"भगवंतांचं मन द्रवलं. ते म्हणाले, याच दगडाशेजारी, याच भिंतीला लागून, स्नानगृह होईल. आणि जो ते अडवील..." नाना अध्यक्षांकडे बघत थांबले. अध्यक्षांनी घसा साफ केला.

"याला आधार?" बाईंनी विचारलं.

"आहे ना!" कंपाउंडर खुर्चीतून अर्धे उठले. "माझे आजोबा हेच सांगायचे. गुडघ्यांचं तर फारच सांगायचे."

"माझे पणजोबा," घड्याळजी एक पिढी पुढे गेले.

"मला तर पाठ आहे," बुवा म्हणाले.

बाईंचं पेन भराभर चालू लागलं. "म्हणजे या जागी स्नानगृह ही मूळ परंपराच आहे. मग बांधायला माझी ना नाही. खात्यातर्फे शिफारसही करते. अर्थात ते दर्शनासाठी राहील. आत कोणाला अंघोळ करता येणार नाही."

हे शेवटचं वाक्य अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं. नानांनी ऐकलं नाही. ते बाईंच्या पेनाकडे बघत होते. त्यांचं वाक्य कोणीतरी, काहीही न खोडता, समासात काहीही न विचारता, जसंच्या तसं उतरून घेत होतं. अशा वेळी माणसाने थांबायला हवं. पण ज्याने जन्मभर वाट पाहिली त्याला कोणी थांबवून दाखवावं.

"आणि स्नानगृह कसं? तर छतापर्यंत पांढरी शुभ्र फरशी!"

"आमच्या घराण्यात फरशीचा धंदा पिढीजातच," अध्यक्ष बाईंना म्हणाले. "हेही लिहून घ्या."

"भिंतीला आधाराची दांडी! स्वामींना धरून उठता यावं म्हणून!"

"चंदेरी होती," घड्याळजी म्हणाले. "पणजोबांनी हात लावला होता."

"आणि बाई," नानांचा आवाज आता भरून आला होता, "भगवंतांनी हात उंचावला, आणि भिंतीतून दोन नळ आले! डावीकडून गरम पाणी, उजवीकडून गार!"

"लाल ठिपका आणि निळा ठिपका!" कंपाउंडर ओरडले. "माझे आजोबा त्या लाल ठिपक्याच्या नळाखाली स्वतः अंघोळ करून आलेत!"

पेन चालतच होतं. तेवढ्यात दारातून काकूंचा आवाज आला. जुन्या दगडावर लेंगा आपटावा तसा स्वच्छ.

"अहो, तीनशे वर्षांपूर्वी लाल ठिपक्याचा नळ कुठून आणलात? तो तर परवा तुम्ही मला अध्यक्षांच्या दुकानात दाखवलात, किमतीची चिठ्ठी लोंबत होती त्याला! आणि कंपाउंडर, तुमचे आजोबा त्याखाली अंघोळ करून आले म्हणता? बाई, ही खोटी साक्ष ठळक अक्षरात लिहा, यांना दिलेल्या शब्दाप्रमाणे फाईल बंद करा, आणि कोणीतरी माझी बॅग आत न्या. मला त्या खड्ड्याजवळ जाऊन गवंड्याला फरशीचा रंग सांगायचाय."